‘योग्य उमेदवार आढळला नाही’ : अतिदक्षता विभागाच्या मुलाखतीला जाणाऱ्या आमच्या डॉक्टरांसाठी

वैद्यकीय संस्थांच्या निवड याद्या वाचायची सवय असलेल्यांना एक ओळ पाठ झाली आहे. अनारक्षित पदापुढे निवडलेल्या डॉक्टरचे नाव असते आणि अनुसूचित जातीच्या पदापुढे लिहिलेले असते, ‘योग्य उमेदवार आढळला नाही’. ही ओळ इतक्या वेळा लिहिली गेली की तिचे ‘एनएफएस’ असे लघुरूप झाले. अर्ज आलेले असतात, अर्जांची छाननी झालेली असते, उमेदवार पात्र ठरवूनच बोलावलेला असतो. मग बंद दाराआड पंधरा-वीस मिनिटे बोलणे होते आणि पात्र माणूस अयोग्य होऊन बाहेर येतो. पद रिकामे राहते. त्या पदाखालच्या खाटेवरचा पेशंट मात्र कुणाची वाट बघत थांबत नाही.

अतिदक्षता विभागातल्या, म्हणजे आयसीयूतल्या वरिष्ठ डॉक्टरच्या मुलाखतीची तयारी कशी करावी, हे आमचे तरुण डॉक्टर अलीकडे विचारू लागले आहेत. बाजारात याची पुस्तके आहेत, क्लास आहेत. त्यात कपडे कसे घालावेत, हसावे किती, हे सगळे सापडते. पण ज्या मुलाखतीत आडनाव ऐकल्याबरोबर समोरच्यांच्या बसण्याची ढब बदलते, तिची तयारी त्यात नाही. ती आम्हालाच लिहावी लागेल. आमचे म्हणणे सरळ आहे : आयसीयूत जेवढे तयार होऊन उभे राहता, तेवढेच तयार होऊन मुलाखतीला जा, आणि विषयाइतकाच बिंदुनामावलीचाही अभ्यास करून जा. यातले एकच केले तर आपण हरतो.

आधी हा उमेदवार तिथवर कसा पोचतो ते पाहू. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, मग भूलशास्त्र, मेडिसिन किंवा तत्सम विषयातली एमडीची तीन वर्षे, मग क्रिटिकल केअरमधली डीएम किंवा डीआरएनबीची आणखी तीन वर्षे. ही शेवटची पायरी नीट लक्षात ठेवा. सुपर स्पेशालिटीच्या प्रवेशाला जातीआधारित आरक्षण नाही. म्हणजे आमचा जो मुलगा किंवा मुलगी डीएम होऊन आली, ती सगळ्यांबरोबर एकाच रांगेत, एकाच गुणवत्ता यादीतून आली. तिथे तिच्याकडे गुणवत्ता होती. डीएमची परीक्षा पास झाली तेव्हाही होती. तीन वर्षे रात्री-अपरात्री व्हेंटिलेटर सांभाळले तेव्हाही होती. मग निवड समितीच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्याबरोबर ती कुठे गेली? गुणवत्तेचा गळा काढणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

आता कायद्याचा भाग. तो कंटाळवाणा वाटेल, पण आमची दारे तिथेच बंद झाली आहेत.

मंडल प्रकरणात, म्हणजे इंद्रा साहनी खटल्यात, १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मागासवर्गीयांचे आरक्षण मान्य केले. त्याच निकालात काही पदांवर आरक्षण ठेवणे उचित ठरणार नाही असे मत नोंदवले गेले आणि त्या यादीत वैद्यकातील सुपर स्पेशालिटीची पदे होती. १९९८ मध्ये चंदीगडच्या पीजीआयच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी सांगितले की संवर्गात एकच पद असेल तर त्यावर आरक्षण लागू होत नाही. २०१३ मध्ये एम्सच्या अध्यापक संघटनेच्या प्रकरणात १९९२ चे ते मत पुन्हा उचलून धरले गेले. २०१४ मध्ये पुनर्विचाराच्या वेळी न्यायालयाने सरकारला कायद्यानुसार पावले उचलायला मोकळीक असल्याचे सांगितले. सरकारे आली, गेली. ते पाऊल अजून उचललेले नाही.

दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईने साळसूद होण्याचे कारण नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्या महाराष्ट्रात एकही भाषण सुरू होत नाही, त्या महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण अधिनियमातच वैद्यकीय, तांत्रिक आणि शिक्षण क्षेत्रातील अतिविशेषीकृत पदे वगळलेली आहेत. एकाकी पदेही वगळलेली आहेत. आरक्षण देणाऱ्या कायद्यानेच ‘इथपर्यंत या, पुढे येऊ नका’ अशी रेघ ओढून ठेवली आहे. पाणवठ्यावरची रेघ आमच्या आज्याने पाहिली होती, ही आम्ही पाहतो आहोत.

आणि जिथे आरक्षण आहे तिथे बिंदुनामावलीचा खेळ आहे. अखिल भारतीय स्तरावरच्या खुल्या स्पर्धेने होणाऱ्या केंद्रीय सरळसेवा भरतीत चौथा बिंदू ओबीसीचा, सातवा अनुसूचित जातीचा आणि चौदावा अनुसूचित जमातीचा येतो. क्रिटिकल केअर हा तुलनेने नवा विभाग. ‘इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन’ ही संघटनाच मुंबईत १९९३ मध्ये स्थापन झाली. अशा विभागात सहायक प्राध्यापकाची दोन किंवा तीन पदे असतात. विभाग हे एकक धरले तर सातवा बिंदू यायला किती वर्षे लागतील याचा हिशेब तुम्हीच करा. २०१८ मध्ये विभागाला एकक करण्याचा घाट घातला गेला तेव्हा देशभरातले विद्यार्थी-प्राध्यापक रस्त्यावर उतरले आणि २०१९ च्या कायद्याने संस्था हे एकक मान्य करून घेतले. तो विजय आमचा आहे. पण त्याच कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे आणि तिच्यातल्या संस्थांना हा कायदा लागू नाही. त्या यादीत होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या घटक संस्थांमध्ये मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटरही आहे. ‘उत्कृष्टता’ आणि ‘राष्ट्रीय महत्त्व’ हे शब्द आले की आमचा माणूस बाहेर, हे गृहीतक कायद्याच्या पानावर छापलेले आहे.

आता मुलाखत. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. कारण काय सांगितले? मुलाखतीत वशिला चालतो, भ्रष्टाचार होतो. म्हणजे कारकुनाच्या भरतीत मुलाखत पक्षपाती असते आणि डॉक्टरच्या भरतीत तीच मुलाखत पवित्र होते! १९८५ मध्ये हरियाणाच्या नागरी सेवा भरतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला ठेवलेले गुण जास्त असून त्यातून मनमानीला वाव मिळतो असे म्हटले होते. अनुभवी, वरिष्ठ पदांसाठी मुलाखतीला जास्त वजन देता येते, असेही न्यायालयांनी मान्य केले आहे. ते आम्हालाही समजते. आयसीयूचा प्रमुख नुसत्या बहुपर्यायी प्रश्नांवर निवडू नये. पण जास्त वजन द्यायचे तर जास्त हिशेबही द्यावा लागेल. वजन सगळे आणि हिशेब काहीच नाही, याला निवड म्हणत नाहीत.

जात मुलाखतीत शिरते हा आमच्या मनाचा खेळ आहे, असे सांगणारे भेटतातच. त्यांनी सुखदेव थोरात समितीचा २००७ चा एम्सवरचा अहवाल वाचावा. परीक्षेच्या, तोंडी परीक्षेच्या वेळी परीक्षकांनी प्रत्यक्ष किंवा आडवळणाने जात विचारल्याचे अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी त्या समितीला सांगितले होते. २०२२ मध्ये संसदेच्या अनुसूचित जाती-जमाती कल्याण समितीने एम्सबद्दलच्या अहवालात ‘पुरेसे योग्य उमेदवार मिळत नाहीत’ हे ठरीव उत्तर नाकारले आणि सुपर स्पेशालिटीत आरक्षण नसल्याने तिथे एकाच वर्गाची मक्तेदारी झाल्याकडे बोट दाखवले. हे आमच्या सभेतले भाषण नाही, संसदेच्या समितीचा अहवाल आहे. आणि २०१९ साली डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूने मुंबईच्या वैद्यकीय जगाचा जो चेहरा चर्चेत आला, तो अजून कुणी विसरलेले नाही.

इथपर्यंत वाचून आमच्यातलेच काही म्हणतील, सगळे आधीच ठरलेले असते, मग तयारी कशाला करायची? मित्रांनो, हा युक्तिवाद आम्हाला सर्वात धोकादायक वाटतो. कारण ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ लिहिणाऱ्याला नेमके हेच हवे आहे. तुम्ही अर्धवट तयारीने गेलात तर त्याच्या खोट्याला खऱ्याचा आधार मिळतो. तुम्ही गेलाच नाहीत तर त्याला खोटे बोलण्याचीही गरज उरत नाही. शिवाय हा आयसीयू आहे. तिथल्या खाटेवर ऊसतोड कामगार असेल, सफाई कामगार असेल, आपलीच आई असेल. सरकारी दवाखान्याच्या आयसीयूत कोण येते हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. ज्याला खासगी रुग्णालयाचे एका दिवसाचे बिल परवडत नाही तो येतो. त्याच्यासाठी आपण कच्चे राहणे हा समाजाशी द्रोह आहे.

दुसऱ्या टोकाला आमचे काही यशस्वी बांधव आहेत. ते म्हणतात, नुसता अभ्यास करा, जात-बित काही नसते, मी बघा पोचलो. तुम्ही पोचलात याचा आनंद आहे. पण तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी का, हे एकदा वळून बघा.

तर तयारी. पहिली विषयाची. मुलाखतीत पाठांतर विचारत नाहीत, निर्णय विचारतात. फुप्फुसे निकामी झालेला, एआरडीएसचा पेशंट आहे, व्हेंटिलेटर कसा लावाल? २००० सालच्या मोठ्या चाचणीपासून उत्तर ठरलेले आहे : दर किलोला ६ मिलीलिटरच्या आसपासचा श्वास आणि प्लॅटू दाब ३० च्या आत. पण किलो कुठले? तराजूवरचे वजन नाही, उंचीवरून काढलेले अपेक्षित वजन. इथे अनेक जण घसरतात. पेशंटला पालथे कधी झोपवाल, किती तास? २०१३ च्या ‘प्रोसेव्हा’ चाचणीचा दाखला द्या आणि तुमच्या विभागात दोनच नर्स रात्रपाळीला असताना तुम्ही ते कसे केलेत हेही सांगा. सेप्सिसचा शॉक असेल तर प्रतिजैविक पहिल्या तासात, नॉरअॅड्रेनालिन आधी, रक्तदाबाची सरासरी ६५. आणि सलाईन कुठे थांबवायचे याचे कारण तोंडावर हवे.

मग आपल्या मातीतले प्रश्न. फवारणीचे विष पोटात गेलेला शेतकरी आला. अॅट्रोपिन कशावर थांबवाल? नुसत्या बाहुल्या बघून थांबवणारा चुकतो. छाती कोरडी झाली का, नाडी आणि रक्तदाब सावरले का, हे बघावे लागते. साप चावलेल्याचे रक्त साध्या काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवून गोठते का ते पाहण्याची चाचणी तुम्ही ग्रामीण रुग्णालयात शंभरदा केली असेल. ती सांगायला लाजू नका. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते आणि त्यांचे संशोधन ‘लॅन्सेट’ने छापले. ज्या महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी माणूसपणाचा हक्क बजावला, त्याच परिसरातून हे ज्ञान निघाले. ज्ञान फक्त दिल्लीच्या काचेच्या इमारतीत तयार होते असे कुणी सुचवले, तर हे उदाहरण शांतपणे समोर ठेवा.

कायदा आणि नीती हाही विषयाचाच भाग. मेंदूमृत्यू जाहीर करताना १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार डॉक्टरांची चार जणांची समिती लागते आणि दोन तपासण्यांमध्ये सहा तासांचे अंतर लागते. उपचार थांबवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आणि २०२३ मध्ये त्यातल्या अटी सोप्या केल्या ते माहीत हवे. व्हेंटिलेटर एक आणि पेशंट दोन, कुणाला द्याल, हा प्रश्न येतोच. पैसा, ओळख, पद बघणार नाही, जगण्याची शक्यता आणि वैद्यकीय गरज बघेन, आणि निर्णय एकट्याने न घेता कागदावर कारणांसह नोंदवेन, हे सांगताना आपल्याला पाठांतर लागत नाही. ओळख नसलेल्यांच्या बाजूने आपण पिढ्यानपिढ्या उभे आहोत.

दुसरी तयारी टोचणाऱ्या प्रश्नांची. ‘एमबीबीएस कुठून? कुठल्या कोट्यातून?’ ‘वडील काय करतात?’ ‘आडनाव गावावरून आहे का?’ चिडू नका आणि वाकूही नका. एकच उत्तर बसवून ठेवा : ‘सर, माझी पात्रता अर्जासोबत जोडली आहे. विषयातला प्रश्न विचारला तर मला आनंद होईल.’ इंग्रजी अडखळले तर वाक्ये छोटी करा. आयसीयूत लांब वाक्यांनी कुणाचा जीव वाचत नाही. आपसांत रंगीत तालमी घ्या. तालुक्याच्या बुद्धविहारात रविवारी चार डॉक्टर आणि एक वकील बसले तरी निवड समिती तयार होते. वरिष्ठांनी प्रश्न विचारावेत, एकाने मुद्दाम अपमान करावा, एकाने घड्याळ लावावे. पहिल्यांदा अपमान घरच्यांकडून झाला की परक्याकडून होताना घसा कोरडा पडत नाही.

तिसरी तयारी कागदाची, आणि इथे आमचे डॉक्टर सर्वात कच्चे आहेत. जाहिरात आली की त्याच दिवशी ती जपून ठेवा. पदे किती, कुठल्या प्रवर्गाची, बिंदू कुठला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तराला ३० दिवस असतात, म्हणून मुलाखतीची वाट बघू नका. जातीचे प्रमाणपत्र, लागू असेल तिथे जात वैधता, अनुभवाचे दाखले मागितलेल्या नमुन्यातच हवेत, नाहीतर छाननीतच तुमचा निकाल लागतो. केंद्राच्या सूचनांनुसार १० किंवा अधिक जागांच्या निवड मंडळावर अनुसूचित जाती-जमातीचा सदस्य हवाच. सुपर स्पेशालिटीत जागा एक-दोन निघतात आणि नियम बाजूला राहतो, हेही ओळखा. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांच्या मुलाखती वेगळ्या दिवशी किंवा वेगळ्या बैठकीत घ्याव्यात, अशी जुनी सूचना आहे. ती पाळली का, ते विचारा. कुठलीही सवलत न घेता निवडला गेलेला आमचा उमेदवार अनारक्षित जागेवर मोजायचा असतो. त्याला राखीव जागेत ढकलले तर दोन माणसांची जागा एकाने खाल्ली असे होते.

मुलाखत संपली की त्याच संध्याकाळी विचारलेले सगळे प्रश्न, दिलेली उत्तरे आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. ‘अयोग्य’ ठरवले तर स्वतःचे गुण, ठरवलेले निकष, किमान गुणांची अट आणि समितीत राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी होता का, हे माहितीच्या अधिकारात मागा. संविधानाच्या कलम ३३८ खालच्या राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे तक्रार करा. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचे तर साधारणपणे एका वर्षाची मुदत असते. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणत ती निघून जाते. एकटे लढू नका. संघटनेच्या नावाने पत्र गेले की उत्तराची भाषा बदलते.

आणि मागणी काय? आमच्या अनेक मराठी डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये वरिष्ठ डॉक्टरची, तिथल्या ‘कन्सल्टंट’ पदाची, मुलाखत दिली आहे. तिथल्या निवड समितीसाठी नियम आहेत. तिच्यात एक अवैद्यकीय सदस्य असतो आणि विषयाच्या रॉयल कॉलेजचा बाहेरचा प्रतिनिधी बसतो. तिथेही वर्णभेद संपलेला नाही. पण २०१५ पासून तिथली सरकारी आरोग्य सेवा एक आकडा दरवर्षी जाहीर करते : मुलाखतीला बोलावलेल्यांपैकी गोरे किती निवडले गेले आणि गोरेतर किती. आपला भेदभाव त्यांनी मोजायला घेतला. आपल्याकडे तो मोजूच द्यायचा नाही, असा अलिखित ठराव आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा. प्रत्येक वैद्यकीय संस्थेने बोलावलेले आणि निवडलेले उमेदवार प्रवर्गनिहाय दरवर्षी जाहीर करावेत. मुलाखतीचे निकष व गुण आधी छापावेत, सगळ्यांना समान प्रसंग विचारावेत आणि ध्वनिचित्रमुद्रण ठेवावे. जागा एक असली तरी समितीत अनुसूचित जाती-जमातीचा तज्ज्ञ असावा. पात्र उमेदवाराला ‘अयोग्य’ ठरवायचे तर प्रत्येक सदस्याने लेखी कारण द्यावे. महाराष्ट्राने आपल्या कायद्यातली अतिविशेषीकृत पदांची वगळणूक काढून टाकावी आणि केंद्राने २०१९ च्या कायद्याची ती अनुसूची रद्द करावी.

‘प्रशासनाच्या कार्यक्षमतेचे काय?’ हा शेवटचा प्रश्न येईलच. संविधानाच्या कलम ३३५ मध्ये कार्यक्षमतेचा शब्द आहे, पण त्याच कलमात २००० साली पात्रता शिथिल करण्याची मुभाही जोडली गेली. आणि २०१९ मध्ये पवित्रा प्रकरणातल्या दुसऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कार्यक्षमता म्हणजे समाजातल्या सगळ्या थरांना सामावून घेणारे प्रशासन. आम्ही तर शिथिलताही बाजूला ठेवून विचारतो : डॉक्टर नसलेला आयसीयू कार्यक्षम कसा? रिकाम्या खुर्चीला गुणवत्ता असते का?

बाबासाहेबांनी व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४३ साली, केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा मिळवल्या. तेव्हाही ‘योग्य माणसे कुठे आहेत?’ असे विचारणारे होते. आज योग्य माणसे दारात उभी आहेत, हातात डीएमची पदवी आहे आणि पाठीशी हजार रात्रींच्या ड्युट्या आहेत. पुढच्या जाहिरातीला तुम्ही अर्ज करा. अभ्यास पक्का करा, फाईल पक्की करा आणि मुलाखतीचे पत्र आले की आम्हाला कळवा. रंगीत तालमीची खुर्ची आम्ही मांडून ठेवतो.

जय भीम!